डावा पाय थंडगार

आमच्या सूनबाईला वाकून नमस्कार करायची भारी खोड. आता यात खोड कसली, असं तुम्ही म्हणाल. पण हल्लीची पोरं नमस्कार कसा करतात ते पाहिलं आहे ना? हात गुडघ्यापर्यंत येतो न येतो की परत वर, जशी काही माझ्या पँटीवरची धूळच झटकून दिली. सूनबाई तशी नाही. ती यवतमाळकडच्या खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. ती सरळ खाली बसते, माझ्या दोन्ही पायांवर आपले पंजे पुरते टेकवते, डोकं लावते, मग उठते. मला पहिल्यापासून त्याचा संकोच. "बस झालं वं बाई, मी काय देव आहे काय," असं कितीदा म्हटलं, पण ऐकेल तर शपथ.

लग्नानंतरचा तिचा पहिला दसरा होता. संध्याकाळी सोनं द्यायला मोहल्ल्यातले झाडून सगळे येतात. मी व्हरांड्यात खुर्चीवर, मांडीवर आपट्याच्या पानांचा ढीग, आणि बायको आतून चिवड्याच्या प्लेटा भरून आणत होती. बरेच पोट्टे धूळ झटकून गेले. शेवटी सूनबाई आली, खाली बसली, हात टेकवले आणि उठेचना. मला वाटलं साडी अडकली. तिनं डाव्या पायावरचा हात काढून उजव्यावर ठेवला, उजव्यावरचा डाव्यावर. मग वर पाहून म्हणाली, "बाबा, तुमचा डावा पाय एवढा थंडा काहून आहे जी? उजवा तर चांगला गरम आहे."

चारचौघांत! शेजारचे भाऊ चिवडा खाता खाता थांबले. मी म्हटलं, "फरशीवर होता वं."

"दोन्ही फरशीवरच होते," ती म्हणाली.

उलट उत्तर द्यायचा ठेका आमच्या घरात इतकी वर्षं एकट्या माझ्याकडे होता. त्या दिवशी मी नुसतं "जाय, चिवडा आण" म्हणून वेळ मारून नेली.

खरं सांगायचं तर पायाची कुरकुर जुनी होती. नागपूरजवळच्या वाडीला माझं ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस. सारा जन्म खुर्चीत बसून, फोनवर ट्रक ड्रायव्हरांच्या नावानं ओरडण्यात गेला. पुढं ऑफिस पोराच्या हाती दिलं, आणि शुगर आहे म्हणून डॉक्टरनं रोज फिरायला सांगितलं. फिरायला लागलो तर चौकापर्यंत जात नाही तोच डाव्या पोटरीत गोळा. थांबलो की जरा वेळानं गायब, चालायला लागलो की पुन्हा हजर. आता रस्त्यात नुसतंच कसं थांबायचं? लोक म्हणणार, म्हातारा थकला. म्हणून ज्याच्या फाटकासमोर गोळा येईल त्याला मी हाक मारायला लागलो. "काय भाऊ, बरं आहे ना? पोट्टी काय म्हणते?" जन्मात कोणाची विचारपूस न केलेला माणूस मी. मोहल्ला म्हणायला लागला, रिटायर झाल्यापासून साहेब किती मायाळू झाले! बायकोला तर आभाळ ठेंगणं झालं. मीही कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

औषधं चालू नव्हती असं नाही. नागपुरात कमरेखाली काहीही दुखलं की ती "नस दबलेली" असते. मालिशवाल्यानं तेच सांगितलं, मेडिकलवाल्यानं तेच सांगितलं, हाडाच्या डॉक्टरनंही कमरेचा एमआरआय करून तेच सांगितलं. माझ्या वयाच्या माणसाच्या कमरेत शोधलं तर काही ना काही सापडणारच. मला पट्टा मिळाला. पट्टा बांधून मी फाटकाफाटकावर विचारपूस करत हिंडत राहिलो.

दसऱ्यानंतर मात्र बायकोनं तो थंडा पाय मनावर घेतला. तिचं म्हणणं सरळ होतं: थंडा आहे ना, मग गरम करू. लोकरीचे मोजे आले, मोहरीचं तेल आलं. दुपारी जेवून आडवा झालो की पायाखाली दोन उशा यायच्या. आता गंमत अशी की पाय उंच ठेवला की तो जास्त ठणकायचा आणि पलंगावरून खाली सोडला की बरं वाटायचं. पण एवढ्या मायेनं लावलेल्या उशा काढा असं म्हणायचं कोणाच्या तोंडानं? ती स्वयंपाकघरात गेली की मी पाय खाली सोडायचो आणि बांगड्यांचा आवाज आला की पुन्हा उशांवर. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून एवढंच काय ते लपवलं.

पुढं थंडी पडली आणि रबरी पिशवी निघाली. पाणी कोमट आहे हे तिनं स्वतःच्या गालाला लावून पाहिलं होतं, यात तिचा काही दोष नाही. दोष माझ्या पायाचा. त्याला काही कळेनासंच झालं होतं. संध्याकाळी मोजा काढला तर अंगठ्याशेजारच्या बोटावर हा मोठा फोड. फोड फुटला, जखम झाली, आणि ती भरायचं नाव घेईना. मग बोटाचं टोक निळसर दिसायला लागलं, आणि एक दिवस काळं. बायकोनं ते पाहिलं आणि पोराला हाक मारली.

एका मोठ्या दवाखान्यात गेलो. कोणत्या ते सांगत नाही, सांगून उपयोग नाही. तिथल्या सर्जननं जखमेकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं, आणि मला व्हीलचेअरवर आणि बाकीच्यांना उभं ठेवून सांगितलं, "गँगरीन आहे. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. थांबलात तर गुडघ्याच्या वरून."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "काढून टाका, एकदाची कटकट मिटेल." आवाज असा काढला जसा ड्रायव्हरला गाडी रिकामी कर म्हणून सांगतोय. मरणाची भीती नव्हती वाटली. लंगडं होऊन संडासाला जायला कोणाला तरी हाक मारावी लागेल, याची वाटली. बायकोनं पदर तोंडात धरला. डॉक्टरनं पोराकडं पाहून विचारलं, "मग काय ठरवता? उद्याच घेऊ." पोरगा फरशीकडं पाहत राहिला.

"नाही," सूनबाई म्हणाली.

सगळे तिच्याकडं पाहायला लागले. घरात येऊन वर्ष न झालेली सून ती. तिनं डॉक्टरला विचारलं, "सर, पायात रक्त कुठं अडकलं ते पाहिलं काय?"

डॉक्टर म्हणाले, "आता पाहून काय करणार? बोट काळं पडलं आहे."

"मग आम्हीच पाहून येतो," असं म्हणून तिनं टेबलावरची फाइल उचलली, माझ्या व्हीलचेअरची मूठ धरली आणि मला घेऊन निघाली. मागून पोरगा आणि बायको जवळजवळ धावत.

गाडीत बसल्यावर मी जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोठ्या डॉक्टरसमोर शोभा केली, स्वतःला समजते कोण, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाबा, माह्या बाबाचा पाय असाच गेला. अगोदर थंडा पडला, मग काळा. मी रोज त्यायचे पाय दाबून देत होती, म्हणून मले समजते. कापल्यावर वर्षभरानं एका डॉक्टरनं सांगितलं का रक्ताच्या नळ्यांचे अलग डॉक्टर राहतात. आधी नळी पाहा लागते म्हणे."

व्याह्यांचा, म्हणजे आमच्या बोलीत इवायाचा, एक पाय नकली आहे हे मला माहीत होतं. लग्नात मनुष्य दिवसभर त्या पायावर उभा राहून पंगती वाढत होता. मला वाटलं होतं मळणीयंत्रात वगैरे गेला असेल. विचारलं नव्हतं. इवायाला असं कसं विचारायचं?

आता हा नळ्यांचा डॉक्टर शोधायचा कुठं? पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला, मी जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन लावले. प्रत्येकानं आपापल्या हार्टच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. शेवटी पत्ता मिळाला तो शेजारच्या भाऊंकडून, तोच चिवडा खाता खाता थांबलेला माणूस. त्यांची बायको डायलिसिसवर आहे हे मला फाटकावरच्या विचारपुशीतून माहीत होतं. ते म्हणाले, "अजी, हिच्या हाताची नस जोडून देणारे डॉक्टर हेच तर काम करतात! व्हॅस्क्युलर सर्जन म्हणतात त्यायले. चला, मीच घेऊन जातो." आणि खरंच, अंगावरचा स्वेटर तसाच ठेवून माणूस गाडीत येऊन बसला.

हा डॉक्टर वयानं आमच्या पोराएवढाच. तो खुर्चीत बसला नाही. एका बुटक्या स्टुलावर बसून त्यानं माझा पाय सरळ मांडीवर घेतला. जांघेत बोटं ठेवली, गुडघ्यामागं ठेवली, घोट्यापाशी ठेवली, डोळे मिटून. मग घोट्याला पट्टा बांधून पायाचं बीपी घेतलं. पायालाही बीपी असतं हे मला त्या वयात कळलं! मग एक पेनासारखं यंत्र उजव्या पायावर टेकवलं तर त्यातून सुप् सुप् असा चांगला दणदणीत आवाज आला. डाव्यावर टेकवलं तर नुसती खरखर.

"सिगारेट?" त्यानं विचारलं.

"सोडली कधीचीच," मी छाती काढून सांगितलं. "आता फक्त खर्रा."

त्यानं चष्मा काढला. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून आपल्याकडं चौकाचौकात मिळतो तो खर्रा. आणि मी, बाप्पा, इतकी वर्षं असं धरून चाललो होतो की सिगारेट सोडून खर्रा धरला म्हणजे मी व्यसनातून सुटलो! त्यानं मला शांतपणे समजावलं की रक्तवाहिनीला दोन्ही सारखेच, आणि एक कण जरी तोंडात जाणार असेल तर तो पायाला हात लावणार नाही. घरी आल्यावर बायकोनं माझे सगळे खिसे उलटे केले. पन्न्या निघत राहिल्या, निघत राहिल्या. शेवटी ती हसायलाच लागली.

अँजिओग्राफी झाली. डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं: मांडीतली मोठी नळी मध्येच बंद, गुडघ्याखाली एक बारकी नळी मात्र अजून चालू. तो म्हणाला, "खाली ही एक उरली आहे म्हणून आशा आहे. तुमच्याच पायातली शीर काढून वरून खाली जोडतो. अडथळ्याला बाजूला ठेवून रक्त दुसऱ्या रस्त्यानं जाईल." हे मला बरोबर समजलं. अमरावती रोड जाम असला की मी गाड्या आतल्या रस्त्यानं काढायचोच की. "बोट मात्र जाईल," तो म्हणाला. "आणि पायाची मी खात्री देत नाही. प्रयत्न करू. नाही जमलं तर मग कापावाच लागेल."

ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉलीवर निजवल्यावर मी बायकोला म्हटलं, "हे पाह्य, पाय नसला तर घाबरू नको."

"चुप बसा जी तुम्ही," ती म्हणाली आणि माझे केस नीट करायला लागली. डोक्यावर मोजून मूठभर केस, त्यांना काय नीट करणार? पण करत राहिली. सूनबाई थोडी दूर, भिंतीला टेकून उभी होती. घरी एवढं तोंड चालवणारी पोरगी, त्या दिवशी एक शब्द नाही. तिचा चेहरा पाहून मलाच वाटलं, हिला काही तरी धीर द्यावा. तेवढ्यात ट्रॉली हलली.

शुद्ध आली तेव्हा घसा कोरडा आणि सगळीकडं पांढरं. मी पहिलं काय केलं असेल तर मान उचलून पायथ्याशी पाहिलं. पांघरुणाखाली दोन उंचवटे होते. दोन! मी पुन्हा पाहिलं. मग मला रडू आलं. सिस्टर धावत आली, "आजोबा, दुखून राहिलं काय?" आता हिला काय सांगू? दुखत तर होतंच. कापलेल्या मांडीपासून पोटरीपर्यंत आग होती. पण त्या दुखण्याचं काही वाटलं नाही. तिनं ते पेनासारखं यंत्र डाव्या पावलावर टेकवलं, आणि सुप् सुप् सुरू झालं. तेवढ्यात बायकोला आत सोडलं होतं. ती घाबरून म्हणाली, "हे काय वाजून राहिलं वं?"

"तुमचे साहेब," सिस्टर म्हणाली.

बायको हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

वॉर्डात आणल्यावर दोन दिवसांनी इवाई आले. एसटीनं, खांद्यावर तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन. दवाखान्यात कोणी शेंगा आणतं काय! पिशवी खाली ठेवली, इकडंतिकडं पाहिलं. बायको घरी गेली होती, सूनबाई डबा आणायला. आम्ही दोघंच.

"पाय पाहू काय जी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणायच्या आत त्यांनी पांघरूण सारलं आणि पावलावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मुलीच्या बापानं माझ्या पायाला हात लावावा, मला कसंसंच झालं. पण त्यांच्या तोंडाकडं पाहून मी पाय तसाच राहू दिला.

"गरम आहे," ते म्हणाले. मग स्टुलावर बसले, नकली पाय लांब करून. "इवाई, एक गोष्ट सांगतो. पोरीले सांगू नका. माह्या वेळी दवाखान्यात माह्ये दोन भाऊ होते, साळा होता. डॉक्टरनं विचारलं, कापायचा काय? कोणी बोलेच ना. सगळे खाली पाहून राहिले. हिची माय तर बसून रडून राहिली होती. हे पोट्टी नुकतीच बारावी झालेली. डॉक्टर तिले म्हणे, तू शिकलेली दिसतं, तूच सांग. तर तिनं म्हटलं, कापा."

मला दवाखान्यातलं तिचं ते "नाही" आठवलं.

"तिले वाटते मी गुंगीत होतो," इवाई म्हणाले. "मी सगळं ऐकलं. पण तिनं पुढं कधी त्या दिवसाचं नाव काढलं नाही, मग मीही नाही काढलं. मले समजते ना, ते मनात काय घेऊन बसली आहे. त्या डॉक्टरनं नळ्यांचं सांगितलं तवापासून तर माह्या पायाकडं पाहतही नाही."

माझं डोकं फिरलं. अंगात ताकद नव्हती तरी ओरडलो, "अहो, मग सांगा ना तिले! एवढी वर्षं तोंड शिवून बसले काय?"

"काय सांगू?"

"ऐकलं म्हणून सांगा! आणि ऐकून तुम्हाले काय वाटलं ते सांगा!"

तेवढ्यात ती डबा घेऊन आलीच. "कायले ओरडून राहिले बाबा? बाहेरपर्यंत आवाज येते. टाके तुटतील ना." मग बापाला पाहून थबकली. मी इवायाकडं पाहिलं. ते शेंगांच्या पिशवीची गाठ सोडत बसले, ती काही सुटेना. मी म्हटलं, "सूनबाई, तुह्या बाबाले तुले काही सांगायचं आहे." इवायांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझा वाचलेला पाय त्यांनीच कापला असता.

मग पिशवीकडंच पाहत म्हणाले, "पोरी, त्या दिवशी तू डॉक्टरले कापा म्हटलं ना. मी जागाच होतो."

तिच्या हातातला डबा तसाच राहिला.

"सगळे चुप होते वं. मी पडल्या पडल्या मनात म्हणून राहिलो होतो, कोणीतरी बोला रे बाप्पा, मी मरून राहिलो. तोंडातून आवाज निघत नव्हता माह्या. तेवढ्यात तू बोलली." त्यांनी मान वर केली. "मले वाटलं, वाचलो. माही पोरगी आहे इथं."

डबा कधी खाली ठेवला ते मला दिसलं नाही. ती बापाच्या गळ्यात पडली होती. लग्नात पाठवणीच्या वेळी ही पोरगी रडली नव्हती, आमच्या पाहुण्यांनी त्याची कुजबुजही केली होती. त्या दिवशी वॉर्डातले पेशंट उठून बसले इतकी रडली, आणि मीही कोणाला न जुमानता रडून घेतलं.